बाग कोणाची? वेळुवनापासून मोती तलावापर्यंत

"पर्यावरण हा आपला विषय नाही." आंबेडकरी चळवळीच्या बैठकांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येत नाही. बोलणाऱ्याचे कारणही मला कळते. ज्याच्या वस्तीत संडास नाही, ज्याच्या पोराची शिष्यवृत्ती दोन वर्षे अडकली आहे, त्याने शहरातल्या बागेची आणि तलावाची काळजी का करावी? झाडे लावा, झाडे जगवा हे सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे काम, असे त्याला वाटते. आपल्याकडे मोर्चे काढायला विषय कमी आहेत का?

दुसऱ्या बाजूला शहरातले सुशिक्षित लोक तक्रार करतात की झोपडपट्टीतल्या लोकांना हिरवळीची किंमत नाही, ते कचरा टाकतात, झाडे तोडतात. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला शंभर जण येतात, फोटो निघतात आणि उन्हाळ्यात रोपाला पाणी घालायला कोणी नसते. मग प्रश्न पडतो, शहरातला माणूस सार्वजनिक झाडी, बाग, तलाव राखायला पुढे कधी येतो? त्याला कशामुळे यावेसे वाटते?

याचे उत्तर लोक 'जाणीवजागृती'त शोधतात. मला ते इतिहासात सापडते असे वाटते, आणि आपल्या इतिहासात तर जास्तच.

सुरुवात बुद्धापासून करू. भावनेसाठी नव्हे. शहरालगतच्या सार्वजनिक झाडीची आपल्याकडची सर्वांत जुनी तपशीलवार नोंद बौद्ध वाङ्मयातच आहे. राजगृहात बिंबिसाराने भिक्खूसंघाला वेळुवन दिले. जागा निवडताना त्याने काय पाहिले हे विनयपिटकात आले आहे. ती गावापासून फार दूर नसावी, फार जवळ नसावी, लोकांना येता-जाता यावे, दिवसा गर्दी नसावी, रात्री शांतता असावी. आजच्या नगररचनाकाराने उद्यानासाठी लावावा असाच हा निकष आहे. 'लोकांना येता-जाता यावे' ही अट त्यात आहे, हे लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

श्रावस्तीचे जेतवन अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरून विकत घेतले. ही कथा भारहुतच्या स्तूपावर दगडात कोरलेली आहे. बैलगाडीतून उतरवलेली नाणी आणि ती जमिनीवर मांडणारी माणसे त्यात दिसतात. वैशालीची आम्रपाली गणिका होती, म्हणजे प्रतिष्ठितांच्या हिशेबात खालची. तिने आपले आंबेवन संघाला दिले. त्याआधी तिने बुद्धाला भोजनाचे निमंत्रण दिले होते. ते निमंत्रण आम्हाला दे, लाख मोहरा देतो, असे लिच्छवी म्हणाले, तेव्हा तिने साफ नकार दिला. राजा, व्यापारी आणि गणिका या तिघांनीही शहराजवळची झाडी सर्वांसाठी खुल्या असलेल्या संघाला दिली. त्या संघात न्हावी उपाली होता, सफाईचे काम करणारा सुनीत होता. त्या झाडांखाली बसायला जात आड येत नव्हती.

अशोकाने हीच गोष्ट राज्याचे धोरण केली. रस्त्याच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, असे त्याच्या सातव्या स्तंभलेखात आहे. औषधी वनस्पती नसतील तिथे आणून लावल्याचे दुसऱ्या शिलालेखात आहे. अलाहाबादच्या स्तंभावर राणीचा लेख म्हणून ओळखला जाणारा एक छोटा लेख आहे. दुसरी राणी, म्हणजे तीवराची आई कारुवाकी, हिने दिलेल्या आमराया, बागा, दानगृहे तिच्याच नावे नोंदवावीत, अशी त्यात आज्ञा आहे. बाग दिली तर नाव लागते. आजच्या भाषेत याला आपलेपणा म्हणतात.

जालन्याच्या वाचकांना हे सगळे मगधातले, लांबचे वाटेल. पण आपल्या जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावे आहेत. भोकरदनला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. आपल्या या कोरड्या मुलुखातली माणसे शेकडो कोसांवरच्या सार्वजनिक वास्तूसाठी आपल्या कमाईतला वाटा देत होती. कारण सांचीला गेल्यावर त्यांना कोणी दारात अडवत नव्हते.

मग अडवणे सुरू झाले. जातिव्यवस्थेचा इतिहास आपण देवळाच्या दाराशी आणि पाणवठ्यावर वाचतो, पण तो सावलीचाही इतिहास आहे. गावचा पार, पारावरचा पिंपळ, नदीकाठची आमराई ही 'गावाची' असायची आणि गाव म्हणजे कोण हे ठरलेले होते. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. महाराने गावची राखण करायची, सीमेवरच्या झाडाची साक्ष द्यायची, वठलेले झाड फोडायचे. पण पारावर बसायचे नाही. हजार वर्षे ज्याने ज्या झाडाच्या सावलीत बसायचे नाही, त्याच्या नातवाला आपण विचारतो, तुला झाडाबद्दल प्रेम का नाही?

महाडचा सत्याग्रह मला या दृष्टीने वाचावासा वाटतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले तेव्हा ते प्रत्यक्षात खुले झाले, आणि लगेच सवर्णांनी शेणगोमूत्राचे १०८ घडे ओतून ते 'शुद्ध' केले. इथपर्यंतचा भाग सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरचा भाग मात्र आपण फारसा सांगत नाही. सवर्ण कोर्टात गेले ते तळे खाजगी आहे असा दावा करून. जे सार्वजनिक आहे ते खाजगी असल्याचे सिद्ध करायचे, हा त्यांचा डाव होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सार्वजनिक जागा बळकावण्याची ही युक्ती आजही तशीच चालते. फक्त आता दावा रूढीच्या नावाने होत नाही, भाडेपट्ट्याच्या आणि 'सार्वजनिक-खाजगी भागीदारी'च्या नावाने होतो.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आजच्या अनुच्छेद १५ वर चर्चा झाली. प्राध्यापक के. टी. शहा यांनी एक लांबलचक दुरुस्ती मांडली होती. त्यात शाळा, ग्रंथालये, नाटकगृहे यांच्याबरोबर सार्वजनिक उद्याने आणि बागा यांचाही उल्लेख होता. दुरुस्ती नामंजूर झाली, पण मसुद्यात 'सार्वजनिक वापराच्या जागा' हे शब्द होतेच आणि ते राहिले. त्यात दफनभूमी येते का, असे विचारले गेले. बाबासाहेबांनी उत्तर दिले की सार्वजनिक पैशातून राखलेली असेल तर येते. निकष एकच, पैसा जनतेचा आहे का? म्हणजे नगरपालिकेच्या बागेवरचा तुमचा हक्क हा कुणाच्या उदारपणाचा भाग नाही. तो मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, अनुच्छेद १५ (२) मध्ये लिहिलेला आहे. पर्यावरण रक्षणाचे कर्तव्य, म्हणजे अनुच्छेद ५१क, संविधानात ४२व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये आले. आधी हक्क, सव्वीस-सत्तावीस वर्षांनी कर्तव्य. शहरातल्या पर्यावरणवाद्यांना हा क्रम उलटा करायची फार घाई असते.

बाबासाहेबांनी मात्र दोन्ही एकत्र करून दाखवले, आणि तेही आपल्याच मराठवाड्यात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. राजाला प्रश्नोत्तरात निरुत्तर करणाऱ्या भिक्खूच्या नावाचे वन! उजाड माळावर झाडे लावण्याचा बाबासाहेबांचा आग्रह तेव्हाच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत येतो. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता, स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ ला झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबादच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन निघालेली आपली पहिली पदवीधर पिढी याच झाडांखाली अभ्यास करून शिकली. ज्यांच्या बापाला पारावर बसता येत नव्हते त्यांना बसायला स्वतःचे वन मिळाले. नागसेनवनातल्या जागेला कोणी हात लावायचा विचार केला की आजही शहरातला आंबेडकरी माणूस का उसळतो, हे यावरून कळावे.

आता जालना. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर वसलेले हे गाव. इथला किल्ला १७२५ च्या सुमाराचा, मोती तलाव त्याहून जुना, त्याच्या काठाला मोतीबाग. इंग्रजी काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती. कदीम जालना आणि सदर बाजार ही नावे त्या दुहेरी शहराची खूण म्हणून अजून पोलीस ठाण्यांच्या पाट्यांवर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री या मिशनऱ्याने जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर. तिथे आलेले बहुतेक लोक मांग समाजातले होते. धर्मांतराच्या मिशनरी मार्गाबद्दल आपली मते वेगळी असू शकतात. पण शहराच्या कडेला स्वतःची जमीन, विहीर आणि झाडे मिळणे म्हणजे काय, हे त्या माणसांना नक्की कळले असणार.

आजच्या जालन्याची ओळख बियाणे आणि स्टील. पोलादाच्या भट्ट्या, धूर आणि टँकर. शहराला पाणी देणारा घाणेवाडी तलाव निजामकाळातला आहे. तो कुंडलिकेवर बांधला गेला आणि पाणी उताराने शहरात येईल अशी योजना केली गेली. पुढे तो गाळाने भरत गेला आणि कोणी लक्ष दिले नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर पाण्यासाठी तडफडत होते, तेव्हा तलावातला गाळ काढायला नागरिक पुढे आले. उद्योजकांनी, व्यापाऱ्यांनी पैसा दिला, शेतकऱ्यांनी गाळ आपल्या शेतात नेला. पुढे कुंडलिकेच्या सफाईचे काम झाले, काठाला मियावाकी पद्धतीने दाट झाडी लावण्याचेही झाले.

यातून काय दिसते? उद्योजकाला पाणी हवे होते, कारखाना त्यावर चालतो. शेतकऱ्याला गाळ हवा होता, त्याची माळाची जमीन त्याने सुधारते. मध्यमवर्गाला नळाला पाणी हवे होते. प्रत्येकाचा हात गुंतला होता म्हणून प्रत्येकाचा हात लागला. पर्यावरणप्रेम म्हणून जे सांगितले जाते त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा असा रोकडा संबंध असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासिकेला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते जगभरच्या सामाईक कुरणांचा, जंगलांचा, पाटपाण्याचा अभ्यास केल्याबद्दल. जे लोक एखादी सामाईक गोष्ट वापरतात त्यांनाच तिचे नियम ठरवण्यात वाटा असेल, तर ते ती टिकवतात, असे तिने दाखवून दिले. वाटा नसेल तर टिकवत नाहीत. साधी गोष्ट आहे. तरी आमच्याकडे उद्यान विकासाच्या बैठकीला शेजारच्या वस्तीतल्या माणसाला कोणी बोलावत नाही, कुंपण घातल्यावर मात्र त्याने कुंपण मोडू नये अशी अपेक्षा असते.

कुंपणाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. जालन्यातल्या वस्त्यांत काम करताना मी एक पाहिले आहे. रस्त्याच्या कडेला सरकारी खर्चाने लावलेली झाडे पहिल्या उन्हाळ्यात मरतात. त्याच वस्तीत बुद्धविहारापुढे लावलेला पिंपळ जगतो. धुण्याभांड्याची कामे करून आलेली बाई टँकरच्या पाण्यातला एक तांब्या त्याला घालते. तिला कोणी जागतिक तापमानवाढीवर व्याख्यान दिलेले नाही. ते झाड कोणाचे आहे हे तिला माहीत आहे, एवढेच.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर नागपुरात घडली. दीक्षाभूमीवर २०० कोटींच्या सुशोभीकरणात भूमिगत वाहनतळ खोदायला सुरुवात झाली. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल, १४ ऑक्टोबर १९५६ ची ती मोकळी जमीन आक्रसेल, असे लोकांना वाटले. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक जमले, काम बंद पाडले, तोडफोडही झाली. त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत स्थगिती जाहीर केली. तोडफोडीचे समर्थन करायचे की नाही यावर आपल्यात वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण वर्तमानपत्रांनी त्या दिवसाचे वर्णन 'भावना दुखावल्या' असे केले, ते मला अपुरे वाटते. शहराच्या मध्यभागी असलेली मोकळी जागा सिमेंटखाली जाऊ नये म्हणून हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. हेच लोक पुण्याच्या वेताळ टेकडीवर उतरले असते तर त्यांना पर्यावरणवादी म्हटले असते. २०२३ मध्ये टेकडीवरच्या रस्त्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्यांना म्हटलेच की.

म्हणजे आपण झाडांसाठी लढतच नाही, हे खोटे आहे. आपल्या लढ्याला ते नाव मिळत नाही, इतकेच. मुकुल शर्मा यांनी २०१७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जात आणि निसर्ग यांचा संबंध हाच धागा धरून तपासला आहे. भारतातल्या पर्यावरण चळवळीला दलितांचा निसर्गविचार दिसलाच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

तरीही पर्यावरणवाद्यांवर आपला अविश्वास आहे, आणि तो पुराव्यावर उभा आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी १९९५ मध्ये एका पर्यावरण संस्थेने जनहित याचिका केली. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि त्यानंतरच्या काळात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. मुंबईचे फुप्फुस वाचवायचे म्हणून मुंबईचे मजूर उघड्यावर आले. उद्यानाच्या कडेला उभे राहिलेले टॉवर मात्र त्या हिरवळीकडे तोंड करून महाग विकले गेले. मराठवाड्यात गायरानांचे तेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्याच्या रेट्यातूनच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे त्यात ठरले. तो निर्णय अजून धड अमलात आलेला नाही, आणि त्याच गायरानावर वृक्षलागवडीचे खड्डे खणायला मात्र यंत्रणा तत्पर असते. कसणाऱ्याच्या पोटावर लावलेले झाड तो कसा जगवेल?

आरेचे आंदोलन थोडे वेगळे होते, म्हणून ते अभ्यासण्यासारखे आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांवर झाडे गेली होती. २९ जणांना अटक झाली. तिथे उच्चभ्रू मुंबईकर होते, पण आरेच्या पाड्यांवरचे वारली आदिवासीही होते आणि जंगल त्यांच्या घराचे नाव होते. बाळासाहेब, म्हणजे प्रकाश आंबेडकर, तिथे गेले तेव्हा पोलिसांनी त्यांनाही ताब्यात घेतले. ज्याचे घर जाते आणि ज्याची हवा जाते ते एकत्र आले, म्हणून सरकारला त्या लढ्याची दखल घ्यावी लागली. फक्त हवेवाले असते तर तो फिरायला जाणाऱ्यांचा हट्ट ठरला असता. फक्त घरवाले असते तर अतिक्रमण ठरले असते.

जालन्याची नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. महापालिका म्हणजे नवी हद्द, नवा विकास आराखडा, नव्या आरक्षणांचे नकाशे. उद्यान, क्रीडांगण, हरित पट्टा कुठे येणार आणि कोणाच्या वस्तीवर येणार, हे त्या नकाशात ठरते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यावर हरकती मागवाव्या लागतात. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊन ते आरक्षण घालवू शकतो, आणि राज्यातली कितीतरी उद्याने अशी गुपचूप नकाशावरून पुसली गेली. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस चिकटवून, जाहिरात देऊन लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला.

ॲट्रॉसिटीच्या कायद्याची कलमे आपल्या कार्यकर्त्याला झोपेतून उठवले तरी सांगता येतात. या दोन कायद्यांची येत नाहीत. बिल्डरच्या वकिलाला येतात. मोती तलावाच्या काठावर उद्या कोणती योजना येईल तेव्हा तिथे तिकीट किती असेल, दार किती वाजता बंद होईल, हातगाडीवाल्याला आत घेतील का, बायाबापड्यांना बसायला सावलीची जागा राहील का, हे प्रश्न हरकतीच्या मुदतीत लेखी विचारायचे असतात. मुदत संपल्यावर विचारले तर उत्तर द्यायला कोणी बांधील नसते. वस्तीपासून बागेच्या दारापर्यंत किती पावले चालावी लागतात, हे मोजायला मात्र आजच कोणाची परवानगी लागत नाही.